चित्र राहते, हात जातो!

गणेशगुडीला धरण पाहायला येणारा पाहुणा आधी विचारतो, भिंत किती उंच? १०१ मीटर, असे उत्तर मिळाले की तो खूश होतो. धरणाला 'सुपा' हे नाव कशावरून पडले, हे विचारणारे मात्र थोडे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमापाशी सुपा नावाचे नांदते गाव होते, तालुक्याचे ठाणे होते. धरण १९८७ मध्ये पुरे झाले. गाव पाण्याखाली गेले, माणसे रामनगरला आणि आणखी कुठे कुठे पांगली, तालुक्याचा कारभार जोयड्याला आला. ज्या घरांनी त्या वेळी फोटो काढून ठेवले, त्यांना आज निदान ओसरी दिसते, देऊळ दिसते. पण चतुर्थीच्या आधी मूर्तीचे डोळे आखणारा हात कसा फिरत होता, रंग कालवताना तो कारागीर काय पुटपुटत होता, हे कुठल्या फोटोत सापडणार?

गाव बुडाले की काय काय हरवते, हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. चित्रकाराच्या बाबतीत मात्र धरण न बांधताही हेच घडते. तो जातो. चित्रे भिंतीवर राहतात, त्यांचे कौतुक होत राहते. पण ते चित्र घडले कसे, पहिली रेघ कुठे पडली, कुठे खोडले, कुठे तासभर नुसते पाहत बसले, हे सारे त्याच्याबरोबर जाते. ते राखून ठेवण्याचा एकच उपाय आहे. त्याचा हात चालू असताना त्याचे चलचित्रण करून ठेवणे. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही हे काम फार थोड्या घरांत होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

पाहून शिकण्याची आपली रीत

आपल्या सीमाभागात चित्रकला पुस्तकातून कमी आणि पाहून जास्त शिकली गेली. बेळगावला के. बी. कुलकर्णी, धारवाडला डी. व्ही. हालभावी, गदगला टी. पी. अक्की अशा गुरुजनांनी पिढ्याच्या पिढ्या घडवल्या. बेळगावात जन्मलेले आणि पुढे पुण्यात स्थायिक झालेले रवी परांजपे (१९३५–२०२२) हे के. बी. सरांचेच विद्यार्थी. उडुपीजवळच्या कट्टिंगेरीचे कृष्ण हेब्बर (१९११–१९९६) मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, तिथेच शिकवले आणि मुंबईचेच झाले. कार्कळला जन्मलेले वासुदेव कामतही त्याच वाटेने मुंबईला गेले. पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी २००६ मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचे ड्रेपर ग्रँड प्राइझ त्यांना मिळाले आणि २०२५ मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. कन्नड मुलखातून निघून मराठी मुलखात बहरलेली ही माणसे आपल्यासारख्या दुभाषी घरांना तर दोन्हीकडून जवळची.

व्यक्तिचित्राचे 'प्रात्यक्षिक' हा या परंपरेतला खास प्रकार. समोर मॉडेल बसलेले, भोवती विद्यार्थी आणि रसिक, आणि मधोमध ईझलपाशी चित्रकार. दोन-तीन तासांत कोऱ्या कॅनव्हासमधून माणूस उभा राहतो. गाण्याच्या मैफलीला जावे तसे लोक प्रात्यक्षिकाला जातात. तिथे जाणकार काय पाहतो? सरांनी आधी डोळे काढले की कवटीचा आकार पकडला? सावलीचा भाग एकदम भरला की तुकड्या-तुकड्याने? डोळे किलकिले करून किती वेळा पाहिले? कुठे थांबले? पुऱ्या झालेल्या चित्रात या प्रश्नांची उत्तरे उरत नाहीत. शेवटचा थर आधीच्या सगळ्या थरांना पोटात घेऊन बसतो.

वासुदेव कामत यांच्यासारख्यांच्या प्रात्यक्षिकांचे चित्रण झाले आहे, त्यामुळे जोयड्याच्या मुलालाही ते घरबसल्या पाहता येते. पण आधीच्या पिढीचे काय? कोल्हापूरचे आबालाल रहिमान १९३१ मध्ये गेले. कोटितीर्थाच्या काठी बसून निसर्ग रंगवणाऱ्या या कलावंताची पुष्कळ चित्रे काळाच्या ओघात नाहीशी झाली. त्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर नावाच्या दुसऱ्या चित्रकाराने १९१८ च्या सुमारास स्वतःचा देशी कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. एकाच गावात असा कुंचला आणि असा कॅमेरा! पण तो काळ पौराणिक कथा पडद्यावर आणण्याचा होता. चित्रकाराने चित्र कसे काढले हे टिपून ठेवावे, ही कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती.

आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातली आणि गोव्यातली कावी कला हे दुसरे उदाहरण. चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, अशी ही भित्तिचित्रे. होन्नावरचे कृष्णानंद कामत (१९३४–२००२) पेशाने शास्त्रज्ञ. त्यांनी गावोगाव हिंडून या भिंतींची छायाचित्रे घेतली, टिपणे केली. पुढे जीर्णोद्धाराच्या नावाखाली देवळांच्या कितीतरी भिंतींवर टाइल्स बसल्या. कामतांसारख्यांच्या कष्टांमुळे आकृत्या तरी कळतात. पण थर किती जाड द्यायचा, तो किती सुकला की हत्यार धरायचे, चुकले तर सावरायचे कसे, हे ज्या हातांना ठाऊक होते ते हात फोटोत आलेच नाहीत.

मोठ्यांनी काय केले?

चित्रकाराला काम करताना टिपण्याचे जगभर गाजलेले उदाहरण म्हणजे फ्रेंच दिग्दर्शक क्लूझो यांचा १९५६ चा पिकासोवरचा चित्रपट. त्यांनी एक युक्ती केली. कागद असा घेतला की शाई पलीकडे उमटेल, आणि कॅमेरा पलीकडेच ठेवला. त्यामुळे पडद्यावर चित्रकार दिसत नाही, त्याचा हातही दिसत नाही, नुसती रेघ आपोआप चालताना दिसते. फूल काढतोय म्हणेपर्यंत त्याचा मासा होतो, माशाचा कोंबडा आणि कोंबड्यातून चेहरा! चांगले जमलेले चित्र पिकासो मोडतो, पुन्हा मांडतो, पुन्हा मोडतो. फ्रान्सने १९८४ मध्ये या चित्रपटाला राष्ट्रीय ठेवा ठरवले.

आपल्याकडे सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये आपले शांतिनिकेतनचे गुरू विनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर 'द इनर आय' हा वीस मिनिटांचा लघुपट केला. विनोदबाबूंची दृष्टी पन्नाशी ओलांडल्यावर, १९५७ च्या सुमारास पूर्ण गेली. तरी ते थांबले नाहीत. बोटांनी चाचपत टाइल्सचे मोठे भित्तिशिल्प घडवणारा हा अंध चित्रकार राय यांनी टिपला. ती बोटे पाहिल्याशिवाय केवळ ते भित्तिशिल्प पाहणाऱ्याला त्याचे मोल अर्धेच कळेल.

मराठी माणसानेही यात मोलाची भर घातली आहे. अरुण खोपकर यांनी नव्वदच्या दशकात जहांगीर सबावाला यांच्यावर 'कलर्स ऑफ ॲबसेन्स' केला. त्याआधी 'फिगर्स ऑफ थॉट' या लघुपटात भूपेन खक्कर, नलिनी मलानी आणि विवान सुंदरम या तिघांचे काम त्यांनी मांडले. आणि सुनील काळदाते यांनी १९९५ मध्ये वासुदेव गायतोंडे यांच्यावर लघुपट केला.

गायतोंडे यांचे उदाहरण इथे मुद्दाम थांबून पाहण्यासारखे आहे. कुटुंब मूळ गोव्याचे, जन्म १९२४ चा नागपूरचा, बालपण गिरगावच्या चाळीतले. पुढे दिल्लीत निजामुद्दीनला ते एकटे राहत. बोलणे कमी, माणसांत मिसळणे त्याहून कमी, आणि वर्षाकाठी चित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. चित्रासाठी ते नेहमीचा कुंचला फारसा वापरत नसत. रोलर, सुरी, वर्तमानपत्रांचे-मासिकांचे फाडलेले कागद यांच्या साहाय्याने रंगाचे थर चढवत आणि उतरवत. हे करताना त्यांना पाहिलेले लोक किती? फार थोडे. २००१ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा त्याच्या शीर्षकातच चित्र म्हणजे 'प्रक्रिया' आणि चित्र म्हणजे 'जीवन' असे म्हटले होते. आज त्यांच्या एकेका कॅनव्हासला कोट्यवधी रुपये मोजले जातात, पण तो कॅनव्हास घडवणारा माणूस चालता-बोलता पाहायचा असेल तर काळदाते यांच्या त्या लघुपटासारखा आधार दुर्मीळ आहे. मराठीत सतीश नाईक यांनी 'चिन्ह'च्या माध्यमातून गायतोंड्यांविषयीच्या आठवणी चिकाटीने गोळा केल्या, तेही असेच मोठे काम. एखादा माणूस वेळेवर कॅमेरा घेऊन जातो, दुसरा वेळेवर प्रश्न विचारतो, म्हणून पुढच्यांच्या हाती काही लागते.

कॅमेरा त्रासही देतो

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतले जॅक्सन पोलॉक कॅनव्हास जमिनीवर पसरून वरून रंग ठिबकवत. १९५० मध्ये छायाचित्रकार हान्स नामुथ यांनी त्यांचे चित्रीकरण केले. जवळून हात दिसावा म्हणून त्यांना काचेवर रंगवायला लावले आणि खालून कॅमेरा धरला. 'आता सुरू करा', 'आता थांबा' अशा सूचनांनी पोलॉक वैतागले. नोव्हेंबरच्या थंडीत शेवटचा दिवस संपला आणि दोन वर्षे दारूपासून दूर राहिलेल्या या माणसाने घरात येऊन पुन्हा पेला हातात घेतला. पुढे त्यांची घडी नीट बसली नाही. १९५६ मध्ये मोटार अपघातात ते गेले. सगळा दोष कॅमेऱ्यावर टाकता येणार नाही. पण ध्यान लागलेल्या माणसाला दिग्दर्शकाच्या तालावर नाचवणे किती महागात पडू शकते, हे यातून कळते.

म्हणूनच पहिला नियम असा, की चित्रकाराने कॅमेऱ्यासाठी चित्र काढायचे नाही. तो नेहमी जिथे बसतो, ज्या वेळेला बसतो, ज्या जुन्या शर्टात बसतो, तसेच राहू द्यायचे. पहिले दोन-तीन दिवस कॅमेरा नुसता कोपऱ्यात ठेवावा. घरातल्या मांजरासारखी त्याची सवय झाली की मग खरे काम सुरू होते. बाहेरून येणाऱ्या व्यावसायिकाला इतका वेळ नसतो. घरच्या माणसाला असतो. मुलगी, सून, नातू, जुना विद्यार्थी हेच या कामाला सर्वांत योग्य.

घरच्या घरी कसे करावे?

यासाठी भारी सामान लागत नाही. साधा मोबाइल आणि एक भक्कम स्टँड पुरे. हातात धरून केलेले चित्रण दहा मिनिटांनी पाहवत नाही. मोबाइल आडवा धरावा आणि फोन येऊ नयेत म्हणून फ्लाइट मोडवर टाकावा. चित्रकार उजव्या हाताने काम करीत असेल तर कॅमेरा त्याच्या डाव्या खांद्यामागे, थोडा उंचावर ठेवावा, म्हणजे हाताची आड येत नाही. कॅनव्हास आणि रंगांची पाटी दोन्ही चौकटीत यायला हवीत. नवखे लोक पाटी विसरतात. खरे तर निम्मे गुपित पाटीवरच असते. कोणता रंग कशात मिसळला, किती तेल घेतले, जुना रंग खरवडून टाकला की त्यातच नवा कालवला, हे तिथेच दिसते.

उजेड खिडकीचा असावा. ट्यूबलाइटखाली चित्रणात कधी कधी पट्टे सरकताना दिसतात आणि रंगही फसवे येतात. मोबाइल आपण होऊन उजेड कमी-जास्त करतो, त्यामुळे लाल क्षणात नारिंगी होतो. म्हणून फोकस आणि उजेड 'लॉक' करावा. सुरुवातीला चित्राशेजारी पांढरा कागद धरून काही क्षण टिपून ठेवावा. पुढे रंग तपासायला तो उपयोगी पडतो.

काम चालू असताना प्रश्न विचारू नयेत. चित्र बाजूला ठेवून चहाला बसले की विचारावेत, आणि तेही 'तुमची प्रेरणा काय?' असे भाषणी प्रश्न नकोत. 'इथला निळा पुसून का टाकला?', 'ही सुरी कुठून आणली?', 'आज सकाळी नुसतेच बसून होता, तेव्हा काय पाहत होता?' असे विचारावे. उत्तर कोणत्या भाषेत येते याची काळजी करू नये. आपल्याकडचा चित्रकार मॉडेलशी मराठीत बोलतो, रंग देणाऱ्या पोऱ्याला कन्नडमध्ये हाक मारतो आणि चुकले की कोकणीत चरफडतो. ते सारे तसेच राहू द्यावे. मराठीतला कुंचला आणि कन्नडमधला कुंच एकाच घरचे. एक जण काव म्हणतो, दुसरा कावी. हे शब्द कामाच्या जागीच जिवंत असतात.

रिकाम्या वेळेचेही चित्रण करावे. कॅनव्हास ताणणे, खळ लावणे, कुंचले धुणे, जुन्या वह्या चाळणे. प्रभाकर बरवे यांच्या वह्यांतील टिपणांतूनच १९९० मध्ये 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक आले आणि चित्रकार विचार कसा करतो हे मराठी वाचकाला प्रथमच इतके जवळून कळले. तुमच्या घरातल्या चित्रकाराचीही अशी वही असेल. पान उलटत, त्याच्याकडूनच वाचून घेत ती टिपावी.

प्रदर्शन सात दिवसांचे

मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शन आठवडाभर चालते. बेळगावात वरेरकर नाट्य संघात किंवा हुबळी-धारवाडला ते अनेकदा तीन-चार दिवसांतच आटोपते. वर्षा-दोन वर्षांची मेहनत आठवड्यात भिंतीवरून उतरते, चित्रे विकली जातात आणि पुन्हा कधीच एकत्र येत नाहीत. काही प्रदर्शने तर चित्रांविनाच असतात. पंढरपूरला जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी १९९२ मध्ये जहांगीरमध्ये 'श्वेतांबरी' मांडले. पांढऱ्या कापडाचे पट्टे टांगलेले आणि खाली वर्तमानपत्रांचा पसारा! तो पसारा झाडून टाकल्यावर ज्यांनी टिपून ठेवले त्यांच्याकडेच तो राहिला.

म्हणून प्रदर्शनाचे चित्रण उद्घाटनाच्या दिव्यापुरते करू नये. गर्दी नसताना सकाळी जावे. दारातून आत येणाऱ्याला जसे दिसते तसे सगळे दालन आधी एका दमात टिपावे, मग डावीकडून उजवीकडे प्रत्येक चित्र, त्याखालची पट्टी वाचता येईल असे. काचेत आपलेच प्रतिबिंब येत असेल तर थोडे तिरके उभे राहावे. नंतर प्रेक्षक यावेत. कुठल्या चित्रापाशी लोक थांबतात, म्हातारी माणसे काय बोलतात, मुले कुठे बोट दाखवतात, हे कुठल्याही परीक्षणात येत नाही. शेवटी अभिप्रायवहीची पाने.

जपणूक आणि हक्क

चित्रण झाले म्हणजे काम संपले असे नाही. फुल एचडीचे तासाभराचे चित्रण साधारण सात-आठ जीबी जागा खाते. मोबाइल भरला की मुले ते बिनदिक्कत पुसून टाकतात. त्याच संध्याकाळी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवावे, आणि एक डिस्क दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवावी. फाइलला तारीख, जागा आणि चित्राचे नाव द्यावे. 'नवीन व्हिडिओ १२' असे नाव पाच वर्षांनी कोणालाच काही सांगत नाही.

कपाटात जुन्या व्हीएचएस किंवा मिनीडीव्ही कॅसेटी असतील तर आधी त्यांच्याकडे पाहा. आपल्या पावसाच्या मुलखात टेपला पांढरी बुरशी चटकन धरते. अशी टेप प्लेअरमध्ये घालू नये, टेपही जाते आणि मशीनही. व्हीएचएसचे यंत्र बनवणारी जपानमधली शेवटची कंपनीही २०१६ मध्ये थांबली. आता जी यंत्रे आहेत ती जुनी आणि मोजकी. तेव्हा बेळगाव-हुबळीच्या जाणत्या माणसाकडून या कॅसेटी लवकरात लवकर डिजिटल करून घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून घराघरांत पुढे मने दुखावतात. चित्र विकत घेतले म्हणून त्याचा कॉपीराइट विकत मिळत नाही. १९५७ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे तो चित्रकाराकडे असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो. चित्रण करणाऱ्याचे हक्क वेगळे. तेव्हा काय टिपले, ते कुणाला दाखवायचे, काय फक्त घरापुरते ठेवायचे, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. वडील-मुलात कसला कागद, असे म्हणू नये. आजारपणातले, चिडचिडीचे, फसलेल्या चित्राचे क्षणही चित्रणात येतात, आणि ते बाहेर जावेत की नाहीत हे ठरवण्याचा पहिला मान चित्रकाराचा.

आता कुणी म्हणेल, आमच्या घरी कुठे गायतोंडे आहेत? नसतीलही. पण साइन बोर्ड रंगवणारे काका असतील, शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे सर असतील, नाटकाचे पडदे रंगवलेले आजोबा असतील. मोठ्या चित्रकारांना टिपणारे कुणीतरी भेटते. यांना टिपणारे तुमच्याशिवाय कुणी नाही. श्रावणात मूर्तिशाळांमधून रंगकाम सुरू होईल. डोळे आखायचे काम शेवटी असते आणि ते सहसा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या हाताकडे असते. विचारून, परवानगी घेऊन जा. स्टँड कोपऱ्यात लावा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि गप्प बसून राहा.